क्षयाचे जंतू आणि शरीराचा बंदोबस्त

म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथे १९६१ च्या सुमारास जंगल साफ करून तिबेटी निर्वासितांची वसाहत वसविण्यात आली. हिमालय ओलांडून आलेल्या या लोकांत क्षयरोग पूर्वीपासून पुष्कळ आढळत आला आहे. थंड प्रदेशातील माणसाला उष्ण हवा मानवली नाही, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. त्यासाठी जंतूची रीत पाहिली पाहिजे.

रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी या जंतूचा शोध जाहीर केला. तो पाण्यातून किंवा भांड्यांतून पसरत नाही. (रोग्याची ताटवाटी वेगळी ठेवण्याची चाल अजूनही दिसते, तिने रोग्याचे मन तेवढे दुखावते.) फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला की अतिसूक्ष्म तुषार उडतात, सुकतात आणि त्यांतील जंतू बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. उघड्यावर वारा त्यांना पांगवतो व ऊन मारते. बैलकुप्प्यात १९६३ साली नामड्रोलिंग आणि १९७० साली सेरा हे मठ उभे राहिले. तेथे शेकडो भिक्षू एकत्र शिकतात, जेवतात, झोपतात. अशा एकत्र निवासात निदान न झालेला एकच रोगी अनेकांना लागण देऊ शकतो.

श्वासाबरोबर आलेले मोठे कण नाकात व श्वासनलिकेतील चिकट द्रवात अडकतात. सूक्ष्म कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तेथे भक्षक पेशी जंतूला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पचून जातो. पण क्षयाच्या जंतूचे कवच मेणचट असते. तो पेशीच्या पोटातच जगतो आणि सुमारे वीस तासांनी एकदा दुभंगून वाढतो. काही आठवड्यांनी लसिका पेशी मदतीला येतात व त्याच्याभोवती पेशींची गाठ तयार होते. हा विजय नव्हे, वेढा आहे. आतील जंतू वर्षानुवर्षे सुप्त राहतात. माणूस निरोगी असतो, त्याच्यापासून कोणाला लागणही होत नाही. अशांपैकी शेकडा पाच ते दहा जणांनाच पुढे केव्हातरी रोग होतो. उपासमार, मधुमेह किंवा एच.आय.व्ही.ची लागण असली की वेढा ढिला पडण्याचा धोका वाढतो.

म्हणूनच खोकणाऱ्या रोग्याची वाट पाहत बसणे पुरेसे नाही. २०१७ पासून उत्तर भारतातील तिबेटी शाळांतून मुलांची सरसकट तपासणी करण्यात आली. रोग जडलेल्यांवर उपचार झाले, आणि ज्यांच्यात जंतू नुसते सुप्त होते त्यांनाही प्रतिबंधक औषधे देण्यात आली. ही औषधे तीन महिने घ्यावी लागतात. रोग जडल्यावर हाच काळ साधारणपणे सहा महिन्यांचा होतो.