लुअरला सीलर निवडताना

चि. निनाद यास,


तुझ्या पांगाऱ्याच्या लुअरचे, म्हणजे मासे गरवायच्या लाकडी नकली माशाचे, फोटो नीट पाहिले. पोटावरचा रंग शाबूत आहे. सुटलाय तो शेपटीला आणि गळ अडकवायच्या स्क्रूभोवती. शेपटीकडे लाकडाच्या नसांची तोंडं उघडी असतात आणि स्क्रूच्या भोकात तर कोरं लाकूडच. पाणी तिथून शिरलं, पांगारा फुगला, वरचा कडक थर तडकला. नुसता वरचा क्लिअर कोट जाड करून हे थांबायचं नाही. आधी लाकडात मुरणारा सीलर हवा.

फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ साली लुअर म्हणून बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या सेल्युलोजच्या निगेटिव्ह वितळवून थर दिला. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर त्याच सेल्युलोजच्या घराण्यातला. थिनर घालून पातळ केला की छान मुरतो, लवकर सुकतो, पॉलिश पेपरने घासलाही जातो. सागवानाच्या लुअरला मी तोच लावतो. मात्र पावसाळ्यात दमट हवेने तो पांढरा पडतो, आणि ऑइल पेंटवर लावला तर त्यातला थिनर रंगाला सुरकुत्या पाडतो. म्हणून तो रंगाच्या खालीच, आणि कोरड्या दिवसांत.

स्पिरिटमधला चपडा खेळण्यांवर शोभतो. पाण्यात राहिला की पांढुरका होतो. तो नको. जवसाचं तेल चांगलं मुरतं, पण पूर्ण वाळायला कित्येक दिवस लागतात आणि ओलसर तेलावर पुढचा थर धरत नाही. वापरलंसच तर तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकू नकोस. त्या आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळव. याबाबत हयगय नको.

पांगारा किंवा शेवरीसारख्या हलक्या, पाणी पिणाऱ्या लाकडाला माझ्या मते सावकाश सुकणारं दोन भागांचं इपॉक्सीच लाव. भोकं आधी पाड. लुअर उन्हात कोमट कर आणि सावलीत आणून पहिला हात दे. लाकूड निवताना इपॉक्सी आत ओढून घेतं. उलट, ते तापत असताना लावलंस तर आतली हवा फुगून बुडबुडे येतात. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकेल, हा समज काढून टाक. प्रमाण चुकलं की थर कायमचा चिकट राहतो. शेपटीला दुसरा हात दे, आणि स्क्रू बसवताना भोकात इपॉक्सीचा थेंब सोड. हातमोजे घाल, खिडक्या उघड्या ठेव.

सीलरने वजन वाढतं, म्हणून रंगवण्यापूर्वी गळ लावून लुअर टबात तरंगवून बघ. आणि गरवून आल्यावर खडकाचा ओरखडा दिसला, तर गोड्या पाण्याने धुऊन, पुरतं सुकवून, सुपरग्लूचा थेंब लाव.

पुढचा लुअर सील करून इपॉक्सी पूर्ण कडक झालं की त्याचं वजन कर, रात्रभर बादलीत बुडवून ठेव आणि सकाळी पुसून पुन्हा वजन कर. दोन्ही आकडे मला कळव. रंगाला हात त्यानंतरच लाव.

तुझा,
काका