संगणकाचे माप आणि गवंड्याचे बिल

बेंबळीत घर बांधायला निघालेला माणूस आजही आधी ओळखीच्या गवंड्यालाच गाठतो. गवंडी जागा पाहतो, टेप लावतो आणि इतके ब्रास वाळू, इतक्या गोणी सिमेंट, इतके क्विंटल लोखंड असा अंदाज उभ्या उभ्या सांगून टाकतो. तीन खोल्यांच्या घराला हा अंदाज फारसा चुकत नाही. पण हाच गवंडी सोलापूर किंवा पुण्याच्या मोठ्या कामावर गिलाव्याचा किंवा विटकामाचा पोटठेका घेतो, तेव्हा त्याच्या बिलाचे माप दुसराच कोणी काढतो. ते माप आता पुष्कळदा संगणकातून निघते. ते कसे निघते हे ठाऊक नसेल तर नुकसान आपल्याच खिशाला आहे.

या पद्धतीचे नाव बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात बिम. साइटवर बीम म्हटले की सळईची तुळई डोळ्यांपुढे येते. तिचा याच्याशी काही संबंध नाही. साध्या संगणकी नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा. बिमच्या मॉडेलमध्ये भिंत ही भिंतच असते. तिची लांबी, उंची, जाडी, वीट कोणती, गिलावा कोणता ही सगळी माहिती तिच्यासोबत साठवलेली असते. ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील चार्ल्स ईस्टमन यांनी 1975 मध्येच तिची मांडणी केली होती. ब्रिटन सरकारने 2016 पासून आपल्या केंद्रीय कामांना ही पद्धत लागू केली.

एस्टिमेट काढणाऱ्याला, म्हणजे क्वांटिटी सर्व्हेअरला, यात मोठी सोय आहे. समजा, 1000 चौरस फुटांचा स्लॅब पाच इंची धरला होता आणि इंजिनिअरने तो सहा इंची केला. काँक्रीट सुमारे 417 घनफुटांवरून 500 घनफुटांवर जाते. 1:1.5:3 च्या मिश्रणाला घनमीटरमागे साधारण 8 गोणी धरल्या तर सिमेंटच सुमारे 19 गोण्यांनी वाढते, खडी-वाळू वेगळी. कागदावरच्या एस्टिमेटमध्ये हा बदल पानापानांवर करत बसावे लागते आणि एखादे पान राहून जाते. मॉडेलमध्ये जाडी एकदा बदलली की त्यावर आधारलेली सगळी मापे आपोआप बदलतात. माल पुरवणाऱ्या दुकानदारालाही याचा फायदा आहे. ऐन स्लॅबच्या दिवशी 'अजून वीस गोण्या पाठवा' असा निरोप आला की भाड्याची गाडी शोधण्यात किती जीव जातो, हे हार्डवेअरवाल्यांना सांगायला नको.

आपल्या राज्यातले ठळक उदाहरण नागपूर मेट्रोचे आहे. सुमारे 8,680 कोटी रुपये मंजूर झालेल्या या पहिल्या टप्प्यासाठी महामेट्रोने 'फाइव्ह-डी बिम' वापरले. लांबी, रुंदी, उंची ही तीन परिमाणे. चौथे वेळापत्रक आणि पाचवे खर्च. खांब कोणत्या महिन्यात उभा राहणार आणि त्यापोटी किती रक्कम लागणार, हे मॉडेलशी जोडलेले. मार्च 2019 मध्ये या मेट्रोचा पहिला मार्ग सुरू झाला. बेंबळीच्या माणसाला मेट्रो बांधायची नाही हे खरे, पण मोठ्या कामांवरची रीत हळूहळू शाळा, दवाखाने आणि वसाहतींच्या कामांवर उतरतेच.

आता मूळ मुद्दा. संगणक मोजतो अचूक, पण कोणत्या नियमाने मोजायचे हे त्याला सांगावे लागते. हिशेब मांडूनच पाहू.

एक खोली घ्या. आतून 4 मीटर बाय 3 मीटर, उंची 3 मीटर, भिंत 23 सेंटिमीटर. एक दार 1 बाय 2.1 मीटर, एक खिडकी 1.2 बाय 1.2 मीटर. आत-बाहेर एकाच प्रकारचा आणि तेवढ्याच उंचीचा गिलावा. आतला घेर 14 मीटर, म्हणून आतून 42 चौरस मीटर. बाहेरचा घेर 15.84 मीटर, म्हणून बाहेरून 47.52. एकूण 89.52 चौरस मीटर. दार आणि खिडकी मिळून मोकळी जागा 3.54.

आपल्याकडे अनेक ठिकाणी गवंड्याचा दर दार-खिडकीची वजावट न करता ठरतो, कारण कडा फिरवण्याचे बारीक काम तो वेगळे लावत नाही. त्या रिवाजाने बिल 89.52 चे. भारतीय मानक आयएस 1200 चा नियम वेगळा आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट नाही. त्याहून मोठी पण 3 चौरस मीटरपर्यंतची असेल तर दोन्ही अंगांना सारखा गिलावा असताना वजावट एकाच अंगाची, आणि कडांचे माप वेगळे धरायचे नाही. या नियमाने माप 85.98. संगणकाच्या मॉडेलने मात्र भिंतीत जिथे भोक आहे तिथे दोन्ही अंगांनी गिलावा वजा केला, आणि कडांचा गिलावा कोणी मॉडेलमध्ये चढवलाच नसेल, तर माप येते 82.44.

काम तेच, खोली तीच, आकडे तीन. रिवाजाचे माप आणि संगणकाचे माप यांत 7.08 चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे 76 चौरस फुटांचा फरक. दहा खोल्यांचे काम असेल तर साडेसातशे चौरस फुटांहून अधिक मजुरी बिलातून नाहीशी होते. यात कोणी लबाडी केली असे नाही. दर एका रिवाजाने बोलला गेला आणि माप दुसऱ्याने निघाले. भांडण मात्र गवंडी आणि ठेकेदार यांच्यात लागते, तेही काम संपल्यावर.

ब्रासचाही असाच घोळ आहे. वाळूचा ब्रास 100 घनफुटांचा, गिलाव्याचा ब्रास 100 चौरस फुटांचा. मॉडेल बहुधा मीटरमध्ये असते आणि त्याला ब्रास कळत नाही. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट, एक घनमीटर म्हणजे 35.3 घनफूट, हे दोन आकडे डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

मॉडेलमध्ये जे चढवले नाही ते मोजलेही जात नाही. परांची, वाया जाणारा माल, कापताना उरणारे सळईचे तुकडे हे सहसा त्यात नसतात. काँक्रीट बिनचूक दाखवणाऱ्या कित्येक मॉडेलांत सळई आखलेलीच नसते आणि लोखंड घनमीटरमागे अंदाजाने धरलेले असते. लोखंडाच्या दुकानदाराने ऑर्डर घेताना एवढे जरूर विचारावे की आकडा सळई आखून काढला की ठोकताळ्याने? पडताळ्याचे जुने सूत्र तर पाठ असतेच. सळईचा मिलिमीटरमधील व्यास गुणिले तोच व्यास, भागिले 162, म्हणजे एका मीटरचे किलो. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई सुमारे 10.7 किलो भरते.

शिकायचे कसे? महागडे सॉफ्टवेअर घेण्याची घाई करू नये. बिमच्या फाइली देण्या-घेण्यासाठी आयएफसी नावाचा खुला प्रकार आहे. तो फ्रीकॅडसारख्या मोफत प्रणालीत उघडून पाहता येतो, भिंतीवर बोट ठेवले की तिची मापे समोर येतात. घरातला मुलगा किंवा मुलगी दहावीनंतर आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करत असेल, तर वडिलांनी आणि त्याने मिळून स्वतःच्याच घराचे मॉडेल करावे, मग टेपने मोजून दोन्ही आकडे समोरासमोर ठेवावेत. फरक कुठे पडतो हे त्यातून जितके कळेल तितके कोणत्याही वर्गात कळणार नाही. मुलाला संगणक येतो पण कडा कशा फिरवतात हे ठाऊक नसते. वडिलांचे बरोबर उलटे असते.

पोटठेका घेताना करारात दोन ओळी जास्त लिहून घ्याव्यात. पहिली, माप कशाने धरायचे : रिवाजाने, आयएस 1200 ने, की मॉडेलमधील निव्वळ आकड्याने. निव्वळ आकड्याने धरणार असतील तर दर त्या हिशेबाने वाढवून मागावा आणि कडांचे काम रनिंग मीटरवर वेगळे लावावे. दुसरी, माप कोणत्या तारखेच्या मॉडेलवरून काढणार. नकाशा काम चालू असताना बदलतो, तसे मॉडेलही बदलते. बदललेल्या मॉडेलचा तक्ता छापून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.