प्रकाश-ध्वनी चित्रण व मेध्य औषधांचे दावे

बारामती व इंदापूर परिसरात दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की मेध्य औषधांची मागणी वाढते. अशाच सुमारास आमच्याकडे एका औषधाचे माहितीपत्रक आले. त्यावर उंदराच्या मेंदूचे लाल-निळे चित्र होते व खाली ‘मेंदूवरील परिणाम सिद्ध’ असे छापले होते. ते आम्ही इंदापूरच्या एका पालकांना दाखविले. “यात नेमके काय दिसते?” या त्यांच्या प्रश्नाला आम्हांस उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख त्या अभ्यासातून झाला.

तत्त्व : खंडित प्रकाशझोत पदार्थावर पडल्यास ध्वनी उमटतो, हे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० साली दाखविले. फोटोअकॉस्टिक इमेजिंगचा पाया हाच होय. लेसरचे काही नॅनोसेकंदांचे स्पंद डोक्यावर सोडतात. रक्तातील हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषते. अत्यल्प उष्णता व प्रसरण होऊन श्राव्यातीत ध्वनिलहरी निर्माण होतात. सोनोग्राफीप्रमाणे त्या टिपून संगणक चित्र रचतो. प्रकाश ऊतींमध्ये लवकर विखुरतो, ध्वनी त्या मानाने फारच कमी. म्हणून प्रकाशामुळे रक्ताचा भेद व ध्वनीमुळे त्याचे स्थान कळते. प्राणवायुयुक्त व प्राणवायुरहित हिमोग्लोबिन निरनिराळ्या तरंगलांबीचा प्रकाश कमीअधिक शोषतात. त्यावरून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण काढता येते व ते रंगांनी दर्शविले जाते.

२००३ साली अमेरिकेत लिहाँग वांग व सहकाऱ्यांनी उंदराची त्वचा व कवटी न उघडता मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्रण केले. मिशांना उत्तेजना दिली असता मेंदूच्या संबंधित भागातील रक्तात होणारा बदलही त्यात दिसला.

मर्यादा : येथे चरकोक्त परीक्षांचा विचार उपयोगी पडतो. चित्रात जे प्रत्यक्ष आहे ते रक्त. चेतापेशींची क्रिया हे त्यावरून केलेले अनुमान. धी, धृती, स्मृती या चित्रात दिसत नाहीत. त्यासाठी वर्तनाच्या स्वतंत्र चाचण्या लागतात. भूल दिल्यानेही मेंदूतील रक्तप्रवाह बदलतो. शिवाय उंदराची कवटी पातळ असते. मानवाच्या जाड कवटीतून प्रकाश व ध्वनी दोन्ही क्षीण होतात.

व्यवहार : असे पत्रक हाती आल्यास चार प्रश्न विचारावेत. औषध न दिलेला तुलनागट होता काय? प्राणी किती होते? स्मृतीची चाचणी स्वतंत्रपणे घेतली काय? मात्रा किती होती? शरीराच्या पृष्ठफळानुसार, उंदरास प्रतिकिलो दिलेली मात्रा मानवासाठी सुमारे सहाने भागावी लागते. हा हिशेब न करता केलेली तुलना दिशाभूल करणारी ठरते.

मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी यांना चरकसंहितेने मेध्य म्हटले आहे. त्यांची योजना अग्नी, वय व प्रकृती पाहूनच करावी. विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याची निद्रा, आहार व पांडुत्व आपण आधी तपासावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही केवळ चित्रावर विसंबून शिफारस करू नये, ही विनंती.