नोकरी सांभाळून नर्स?

अगं, परवा धाटावच्या नाक्यावर तू विचारलंस, 'ताई, कंपनी न सोडता नर्सिंग होईल का गं?' तेवढ्यात मिनीडोर आली नि तू चढलीस. बरंच झालं, हे काही रस्त्यात उभं राहून सांगायचं नव्हतं.

नाही होत, बाय. नर्सिंगचा एएनएम कोर्स दोन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने नुसतं प्रत्यक्ष काम. जीएनएमचा तीन वर्षांचा. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, मधूनच रात्रपाळी. त्यात तुझी फर्स्ट-सेकंड-नाईट कुठे बसवणार? पत्राने नर्सिंग शिकता येत नाही, आणि शनिवार-रविवारीही नाही.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कापडाच्या दुकानात होते तेव्हा एका क्लासचा कागद हाती आला: वर्षात नर्स व्हा, नोकरी सांभाळून. भिशीचे पैसे भरले. शेवटी सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं, आईने ते देव्हाऱ्यात ठेवलं. दवाखान्यात गेले तर मेट्रन म्हणाल्या, 'नोंदणी क्रमांक?' क्रमांक कुठला असायला? मावशी म्हणून घेतलं त्यांनी. मावशींचं काम काही हलकं नाही, पण मी फी नर्सची भरली होती ना!

म्हणून कुठल्याही संस्थेत गेलीस की आधी एवढंच विचार, 'महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? शिकून झाल्यावर कौन्सिलमध्ये नाव नोंदवता येईल का?' समोरचा 'प्लेसमेंट शंभर टक्के' असं काही बोलायला लागला तर चहासुद्धा पिऊ नकोस. काही महिन्यांचे जनरल ड्युटी असिस्टंटचे कोर्स असतात, ते खोटे नव्हेत. रुग्णाची अंघोळ, कूस बदलणं, भरवणं शिकवतात. पण ते करून सिस्टर होता येत नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी बारावी आर्ट्सची म्हणून तू मनातच पाय मागे घेतलास ना? एएनएमला आर्ट्स चालतं. जीएनएमलाही चालतं, फक्त बारावीत आणि इंग्रजीत चाळीस टक्के हवेत. वयाची मर्यादा पस्तीस. तू चोवीसची. म्हणजे उद्याच राजीनामा द्यायची गरज नाही. वर्षभर नाईटचे पैसे वेगळ्या खात्यात टाक. सरकारी शाळेची फी खूपच कमी असते, खरा खड्डा पडतो तो बंद झालेल्या पगाराचा. ठेकेदाराकडे दोन वर्षं बिनपगारी रजा कोण देणार? घरात हप्ता कसला चालू आहे, दादा किती उचलेल, हे आत्ताच बोलून घे. अर्ध्या कोर्समध्ये नको.

काकू म्हणतील, लोकांची घाण काढायला मुलगी पाठवू? म्हणू देत. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि विधवा बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच होती. घाण मात्र खरीच असते. पहिला आठवडाभर मला जेवण गेलं नव्हतं.

आणि आता मी एएनएम म्हणून करते ते उपकेंद्राचं काम तुला वाटतं तसं नाही. सुईपेक्षा पेन जास्त चालतं. रजिस्टर, मोबाईलवर नोंदी, मग पुन्हा रजिस्टर. लसीकरणाच्या दिवशी आदिवासी वाडीवर चढून जायचं, तर अर्धी बाळं आयांबरोबर वीटभट्टीवर गेलेली. धावीर महाराजांची पालखी दारावरून जाते तेव्हा घरी असेनच, असं सांगता येत नाही. पण एखादीचं हिमोग्लोबिन सातवरून दहावर आलं की तिच्याआधी मलाच हुरूप येतो. का ते विचारू नकोस.

तू तीन वर्षं नाईट काढतेस, उभं राहायची सवय आहे. त्याची मला काळजी नाही. तुला रक्त बघवतं का, रडणाऱ्या माणसाजवळ थांबवतं का, हे मला माहीत नाही. तुलाही नसेल. पुढच्या सुट्टीला आशाताईंबरोबर लसीकरणाला ये. नुसती बाळांची वजनं लिहून घे. आवडलं तर मग अलिबागला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दोघी जाऊन चौकशी करू, एसटीने सकाळी निघायचं.

शनिवारी आमच्याकडे पोपटी लावतायत. वालाच्या शेंगा आल्यात, भांबुर्डीचा पाला तेवढा तू आण. आणि हो, बारावीचं गुणपत्रकही. इंग्रजीत किती आहेत ते बघायचंय मला.