दुभंगलेला समाज आणि सत्याची पारख

समाज दोन तटांत विभागला की खरे काय ते ठरते तरी कसे, हा प्रश्न आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये गाजलेले ड्रेफस प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. आम्ही बँकेत कारकून. धनादेशावरची सही नमुना सहीशी ताडून पाहणे हे आमचे रोजचे काम. म्हणूनच की काय, हे प्रकरण आम्हास जवळचे वाटते. कारण ते सारे एका हस्ताक्षरावर उभे होते.

१८९४ मध्ये पॅरिसच्या जर्मन वकिलातीतील कचऱ्याच्या टोपलीतून एक चिठ्ठी फ्रेंच हेरखात्याच्या हाती लागली. लष्करी गुपिते पुरविण्याची ती यादी होती. संशय आला कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांच्यावर. अक्षर थोडेबहुत मिळते आणि माणूस ज्यू, एवढे पुरे झाले. तज्ज्ञ म्हणून बोलाविलेल्या बेर्तियाँ यांचे म्हणणे तर मुळातून समजून घ्यावे असे आहे. अक्षरे जुळतात तेथे तो पुरावाच. आणि जुळत नाहीत तेथे ड्रेफस यांनी आपले अक्षर मुद्दाम बदलले, म्हणून तोही पुरावाच! हा न्याय आमच्या काउंटरवर लावला तर सही जुळत नाही म्हणून एकही धनादेश परत जायचा नाही. बचाव पक्षाच्या नकळत न्यायाधीशांना गुप्त कागद दाखविले गेले. ड्रेफस यांना जन्मठेप झाली आणि डेव्हिल्स आयलंड या बेटावर धाडण्यात आले.

१८९६ मध्ये हेरखात्याचे नवे प्रमुख पिकार यांच्या पाहण्यात एस्तरहाझी नावाच्या अधिकाऱ्याची पत्रे आली. चिठ्ठीतील अक्षर तेच! पिकार यांना ज्यूंविषयी विशेष ममत्व होते असे नाही. तरीही त्यांनी माणूस बाजूला ठेवला आणि अक्षर पाहिले. त्यांची रवानगी ट्युनिशियात झाली. पुढे ड्रेफस यांच्या भावाने चिठ्ठीच्या छापील प्रती लोकांसमोर आणल्या. १८९७ मध्ये तशी एक प्रत पाहून कास्त्रो नावाच्या दलालाने आपल्या गिऱ्हाइकाचे, म्हणजे एस्तरहाझीचे, अक्षर ओळखले. सेनापतींना जे दिसले नाही ते पेढीवरच्या माणसाला दिसले, याचा आम्हास थोडा अभिमानही वाटतो.

तरीसुद्धा ११ जानेवारी १८९८ रोजी एस्तरहाझी निर्दोष सुटला. दोनच दिवसांनी एमिल झोला यांचे खुले पत्र प्रसिद्ध झाले आणि देश उभा दुभंगला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रेफसविरुद्धचा मोठा पुरावा म्हणून मिरविलेले एक पत्र बनावट निघाले. दोन वेगळे कागद जोडलेले, रेघांचे रंगही निराळे. ते तयार करणाऱ्या हेन्री याने कोठडीत आत्महत्या केली. आता तरी वाद मिटावा की नाही? पण ही बनवाबनवी देशासाठीच होती असे समर्थन झाले आणि हजारो लोकांनी त्याच्या विधवेसाठी वर्गणी दिली.

फ्रेंचांना नावे ठेवण्यापूर्वी आमचेही सांगतो. आम्ही राहतो त्या वसाहतीत एकदा वर्गणीच्या हिशेबावरून दोन गट पडले. वही आणि पावत्या मेजावरच होत्या. "साहेब, तुम्ही बँकेतले, तुम्हीच बघा," असे लोक म्हणालेही. आम्ही मात्र आरोप करणारा कोण एवढेच पाहिले आणि आपल्या माणसांच्या बाजूने हात वर केला. कित्येक महिन्यांनी वही उघडली, तेव्हा बेरजेतली चूक पाच मिनिटांत सापडली. पैसे कोणी खाल्लेच नव्हते. ज्यांच्यावर ठपका ठेवला ते गृहस्थ तोवर बिऱ्हाड हलवून गेले होते.

फ्रान्समध्येही वही उशिराच उघडली. १८९९ मध्ये फेरखटला झाला, त्यात पाच विरुद्ध दोन मतांनी ड्रेफस पुन्हा दोषी ठरले. मग राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. केलेल्याच नसलेल्या गुन्ह्याची माफी! परंतु मूळ कागद शिल्लक होते आणि ते पुन्हा तपासा असे म्हणण्याची वाट कायद्यात होती. १२ जुलै १९०६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. ड्रेफस मेजर म्हणून सैन्यात परतले. तुरुंगातील वर्षे मात्र सेवाज्येष्ठतेत धरली गेली नाहीत. नोकरदार वाचकांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. पुढच्याच वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली.