खिडकीतल्या बागेची अवजारं: काय घ्यावं, किती खर्चावं

कांजूरमार्गात बाग म्हणजे बहुधा खिडकीचं ग्रिल, नाहीतर हातभर बाल्कनी. तेवढ्यातही तुळस, कढीपत्ता, ओवा, मिरची, एखादी जास्वंद छान वाढते. अशा आठ-दहा कुंड्यांसाठी अवजारांचा मोठा संच घेऊ नका. पाच वस्तू पुरतात, पण त्या तुमच्या हाताला जमणाऱ्या हव्यात. म्हणून शक्यतो दुकानात जाऊन, हातात धरून घ्या. खालचे दर अंदाजे आहेत. दुकानागणिक थोडा फरक पडेल.

खुरपं : ८० ते २०० रुपये
पातं आणि मूठ जिथे जुळतात, तो सांधा अंगठ्याने दाबून पाहा. पातळ पत्रा तिथेच वाकतो. कुंडीसाठी पसरट, खोलगट पातं सोयीचं. गवत काढायचं गावाकडचं धारदार खुरपं शेतात उत्तम, पण कुंडीत त्याने मुळं तुटतात.

छाटणीची कात्री : २५० ते ६०० रुपये
पैसे जास्त घालायचे तर इथे घाला. बोथट कात्री फांदी चिरडते आणि चिरडलेल्या जागी कूज शिरते. हिरव्या फांदीसाठी दोन पाती एकमेकांना घासून जाणारी कात्री घ्या. एक पातं सपाट पट्टीवर टेकणारी कात्री वाळक्या काटक्यांसाठी. कात्री पूर्ण उघडा. तेव्हाही चारही बोटं मुठीला नीट पोहोचली नाहीत, तर ती तुमच्या मापाची नाही. तुळशीचे शेंडे नखाने खुडता येतात, त्यामुळे जास्वंद वाढेपर्यंत ही खरेदी थांबली तरी चालेल.

झारी : १५० ते ३०० रुपये
एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दहा लिटरची झारी ग्रिलपर्यंत उचलताना खांदा भरून येतो. तीन ते पाच लिटरची, लांब तोटीची झारी घ्या. ज्येष्ठांनी ती अर्धीच भरावी आणि दोन फेऱ्या माराव्यात.

हातमोजे : ५० ते १५० रुपये
तळव्याला रबराचा थर असलेले विणीचे मोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. 'बागकामाचे' म्हणून वेगळे महाग घेण्याची गरज नाही. मातीतल्या अवजाराने कापलंच, तर जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

फवारणीची बाटली : ८० ते २०० रुपये
मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यावर कडुनिंबाचं तेल फवारायला एक लिटरची बाटली पुरते. नोझल फिरवून धार बारीक होते का, ते दुकानातच पाहा.

सगळं मिळून खर्च सुमारे ६०० ते १,४५० रुपये. बसायला घरातला पाट किंवा बुटकं स्टूल घ्या. कुंडीवर वाकून काम केलं की कंबर धरते. अंगात जुना, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा असला की झालं.

पावसाळ्यापूर्वी
दमट हवेत लोखंड लवकर गंजतं. काम झालं की अवजारं पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी ओतून, घासून कोरड्या करा. त्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आणि कठड्यावर सुटी कुंडी कधीही ठेवू नका. वाऱ्याने ती पडली, तर खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

कधी, कुठे घ्यावं
पहिल्या महिन्यात फक्त खुरपं आणि झारी घ्या. स्वस्तातली जोडी २३० रुपयांत होते. पाईप आणि दहा वस्तूंचा संच टाळाच. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं उद्यान प्रदर्शन बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत भरतं. कांजूरहून धीम्या लोकलने थेट भायखळ्याला उतरता येतं. तिथे बागकामाच्या साहित्याचे स्टॉलही असतात. कात्रीची खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवा आणि चार-पाच कात्र्या हातात धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.