सूर्यास्ताची प्रिंट केवढी काढावी?

प्रश्न : अरुणावती धरणावर टिपलेले सूर्यास्त फ्रेम करून विकायचे आहेत. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. प्रिंट केवढी काढावी? – एक वाचक, दिग्रस

उत्तर : तुमच्या ६००० × ४००० पिक्सेलना ३००ने (इंचाला ३०० पिक्सेल) भागा, २० × १३ इंच बिनघोर निघते. मोठीही चालते, ती लांबूनच पाहतात. खरी गोम कागदात आहे. लग्नाच्या अल्बमचा चकचकीत कागद नको. सुती, आम्लविरहित मॅट कागद आणि पिगमेंट शाई मागा. मात्र मॅटवर सावल्या दबतात, काठावरची झाडं काळी ठिक्कर पडतात. म्हणून आधी छोटा नमुना काढून दिवसाउजेडी बघा. मर्यादित आवृत्ती दहा प्रिंटची जाहीर केलीत तर अकरावी काढायची नाही. समासात पेन्सिलीने क्रमांक, सही. प्रिंट विकली तरी लेखी दिल्याशिवाय कॉपीराइट जात नाही. आणि हो, सूर्यास्त सगळेच विकतात; फाल्गुनातला पळस टिपलात का?